ज्याच्यासाठी जेवण, त्याच्या मापाचं हॉटेल



आजची नोंद कपाशीची नाही, मक्याची नाही आणि केळीच्या भावाचीही नाही. आज हॉटेलबद्दल लिहितोय. रस्त्यावरच्या धाब्याबद्दल नाही, शहरातल्या मोठ्या हॉटेलबद्दल. जिथे दार उघडायला माणूस उभा असतो आणि मेन्यू कार्ड वहीसारखं जाड असतं, ते हॉटेल.

शेतीच्या पानावर हे कशाला, असं काहींना वाटेल. पण या महिन्यात ओळखीच्या दोन घरांतून हाच प्रश्न आला. एका घरी आबा आणि मायच्या लग्नाला ५० वर्षं होताहेत. दुसऱ्या घरची मुलगी शिकून नोकरीला लागली आणि पहिल्या पगारात आईवडिलांना जेवायला न्यायचं म्हणते. पोरं म्हणतात, "या वेळी घरी नको, एखाद्या भारी हॉटेलात जाऊ." मोठी माणसं म्हणतात, "कशाला एवढा खर्च? तेवढ्यात ठिबकच्या नळ्या येतील."

माझं मत आधीच सांगून टाकतो. जायचं. पण हॉटेल निवडताना रेटिंग आणि फोटो शेवटी बघायचे. ज्या माणसासाठी हे जेवण आहे, तो तिथे मान वर करून बसेल का आणि पोट भरून उठेल का, हे आधी बघायचं. बाकी सगळं त्यानंतर.

"घरीच करू ना!"

हे वाक्य सगळ्यात आधी येतं, आणि त्यात दम आहे. खान्देशात खास जेवणाची रीत आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी करतो, त्यासाठी लोक पुण्या-मुंबईहून येतात. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं हिरवं मोठं वांगं, लाकडी बडजीत ठेचलेलं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, आणि जोडीला कळण्याची भाकरी. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळाला, जळगावच्या केळीलाही त्याच वर्षी. यावल तालुक्यातल्या बामणोदचं वांगं तर सगळीकडे नावाजलेलं. ही चव कुठल्याही शेफला सहज जमणारी नाही, हे मी छातीठोक सांगतो.

पण एक प्रश्न विचारतो. घरी कार्यक्रम ठेवला तर त्या दिवशी माय कुठे असेल?

चुलीपुढे. ५० वर्षं ती तिथेच आहे. सालदाराची भाकरी, मजुरांचा चहा, पाहुण्यांची पुरणपोळी, सुनेच्या बाळंतपणाचे लाडू, सगळं तिच्या हातून गेलं. घरी कितीही म्हटलं की "तू आज बस, सुना करतील", तरी ती बसत नाही. उठते, डाळीत मीठ बघते, शेवटी सगळे जेवल्यावर जेवते. आचारी बोलावला तरी त्याच्या मागे उभी राहते.

तिला बसून, गरम, पहिल्या पंक्तीला जेवायला मिळावं असं वाटत असेल तर तिला घरापासून लांब न्यावं लागतं. माझ्या मते मोठ्या हॉटेलात जाण्याचं हे एकच खरं कारण आहे आणि ते पुरेसं आहे. तिथे तिला उठता येत नाही. कोणीतरी तिला वाढतं, ताट उचलतं आणि "आणखी काय आणू" म्हणून विचारतं. पदार्थ कसाही असो, हे विचारणं तिच्या वाट्याला फार कमी आलंय.

कापसात हिशोब

आपण शेतकरी. किंमत रुपयात ऐकतो आणि मनात क्विंटलमध्ये मोजतो. तर मोजूनच टाकू.

सहा माणसं, माणशी २,००० रुपये धरा. जेवण झालं १२,००० चं. त्यावर ५ टक्के जीएसटी ६०० रुपये. एकूण १२,६००. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये, मध्यम धाग्याचा ७,७१०. म्हणजे एका जेवणात दीड क्विंटलहून जास्त कापूस गेला. आणि हे पूर्ण हमीभाव मिळाला तर. वेचणी, खतं, फवारणी वजा करून हातात राहणारे पैसे धरले तर जेवण किती तरी क्विंटलला पडेल.

मग हे परवडतं का? ज्याचं त्याने ठरवावं, पण माझे दोन नियम आहेत. पहिला, पीककर्जाच्या, उसनवारीच्या पैशात हॉटेल नाही. दुसरा, हा खर्च नेहमीच्या हॉटेलिंगमध्ये मोजायचा नाही, लग्नकार्याच्या खर्चात मोजायचा. हळदीच्या डीजेवर एका रात्रीत किती जातात ते गावाला माहीत आहे. त्यावर कोणी "ठिबकच्या नळ्या" म्हणत नाही. मायच्या एका जेवणावरच नळ्या कशा आठवतात?

आकडा मात्र आधी ठरवून निघा. मोठ्या हॉटेलात आयत्या वेळी काटकसर करायला गेलं की सगळ्यांचा मूड जातो. आबा मेन्यू कार्डात डावीकडचं नाव न वाचता उजवीकडचा भाव वाचणार आणि सगळ्यात स्वस्त काय ते मागणार. म्हणून काही ठिकाणी यजमानालाच भाव दिसेल असं कार्ड मिळतं, पाहुण्यांना भावाविना. फोनवर विचारून बघा. नसेल तर काय मागवायचं ते आधीच ठरवून ठेवा.

धोतर-टोपीचा प्रश्न

याबद्दल कोणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. आबा धोतर-टोपीत येणार. आत सोडतील ना?

ही भीती उगाच नाही. जुलै २०२४ मध्ये बंगळुरूच्या एका मॉलमध्ये मुलाबरोबर सिनेमा बघायला आलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याला धोतर नेसलंय म्हणून दारावर अडवलं. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. त्याच्या दहा वर्षं आधी, २०१४ मध्ये, चेन्नईच्या एका क्लबने धोतर नेसून आलेल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनाच आत घेतलं नव्हतं. तिथे तर त्याच वर्षी तामिळनाडू विधानसभेने यावर कायदा केला. म्हणजे प्रश्न फक्त गरीब-श्रीमंताचा नाही. न्यायाधीशालाही धोतर आडवं आलं.

म्हणून टेबल बुक करताना स्पष्ट विचारायचं. "आमचे वडील धोतर-टोपी आणि साध्या चपलांत येतील. तुमच्याकडे कपड्यांचा काही नियम आहे का?" बहुतेक ठिकाणी "या की" म्हणतील. कुठे क्षणभर अडखळले, "सर, स्मार्ट कॅज्युअल" वगैरे म्हणाले, तर फोन ठेवून द्यायचा. ते हॉटेल कितीही गाजलेलं असू दे. आबांना पॅन्ट घालायला सांगून जे जेवण होतं, ते आबांसाठीचं जेवण नाही.

काट्या-चमच्यांचंही तेच. हाताने जेवणं हा आपला गुन्हा नाही. टेबलावरचे काटे राहू द्यात पडलेले. शेवटी वाटीत कोमट पाणी आणि लिंबाची फोड येते, ती हात धुवायला असते. एवढं गाडीतच हसत-खेळत सांगून ठेवा, म्हणजे तिथे कोणी कोणाला चारचौघांत समजावत बसायला नको.

नाव मोठं, पण कोणासाठी?

आता नावाजलेल्या ठिकाणांबद्दल. मुंबईत महालक्ष्मीच्या जुन्या गिरणीच्या आवारात २०१६ मध्ये 'मास्क' नावाचं रेस्टॉरंट सुरू झालं. आशियातल्या ५० उत्तम रेस्टॉरंटच्या यादीत २०२३ मध्ये ते १६ व्या नंबरवर होतं. शेतकऱ्यांकडून थेट आणलेला माल, देशाच्या कानाकोपऱ्यातली पिकं, यावर त्यांचं काम चालतं. शेतकरी म्हणून मला याचा अभिमानच वाटतो. आपल्या मालाला कोणीतरी एवढ्या मानाने ताटात ठेवतंय.

पण तिथली पद्धत समजून घ्या. अशा ठिकाणी 'टेस्टिंग मेन्यू' असतो. म्हणजे काय खायचं ते शेफ ठरवतो. लहान लहान दहा-बारा पदार्थ एकामागून एक येतात. दोन-तीन तास जातात. जागा आधी बुक करावी लागते, बऱ्याच ठिकाणी पैसेही आधी भरावे लागतात. माणशी खर्च वर धरला त्याच्या किती तरी पट.

ज्या मुलीला पहिला पगार झालाय, जिला नवीन चवी बघायच्यात, तिने मैत्रिणींबरोबर अशा ठिकाणी जरूर जावं. ७५ वर्षांच्या आबांना तिथे नेलं तर ते तिसऱ्या पदार्थाला विचारतील, "जेवण कधी येईल?" यात चूक ना आबांची, ना शेफची. माप जुळलं नाही एवढंच.

त्याच मुंबईत लोअर परळला २०१५ पासून 'बॉम्बे कॅन्टीन' आहे. देशातल्या वेगवेगळ्या प्रांतांचे पदार्थ, हंगामातल्या भाज्या, आणि आपल्याला हवं ते मागवायची मोकळीक. मुलं मुंबईत असतील आणि आईवडील नवीन खायला तयार असतील तर अशी पद्धत जास्त सोयीची. तरी चवीत बदल केलेला असतो, हे धरून चाला.

आणखी एक. कोणी "मिशेलिन स्टारवालं हॉटेल" म्हणून सांगितलं तर हसा. मिशेलिन ही फ्रान्सची टायर कंपनी, ट्रॅक्टरचे टायरही बनवते. १९०० साली तिने गाडीवाल्यांसाठी माहितीपुस्तिका काढली, तिथून ही ताऱ्यांची भानगड सुरू झाली. भारतात त्यांची पुस्तिका निघत नाही, त्यामुळे इथल्या कुठल्याच हॉटेलला तो तारा नाही. फार तर शेफ परदेशात तशा हॉटेलात काम केलेला असतो.

फोनवर काय विचारायचं

बियाणं घेताना आपण पिशवीवरचं चित्र बघत नाही. लॉट नंबर बघतो, गेल्या वर्षी कोणाकडे कसं आलं ते विचारतो. हॉटेललाही तसंच विचारा.

१. बसायला खुर्ची कशी आहे? उंच स्टूल आणि खोल सोफा, दोन्ही गुडघेदुखीवाल्याला वाईट. पाठ असलेली साधी खुर्ची मागा.

२. जिने किती? संडास त्याच मजल्यावर आहे का? हे विचारायला लाजू नका. म्हाताऱ्या माणसांची निम्मी काळजी हीच असते, आणि ती बोलून दाखवत नाहीत.

३. गाणी किती मोठ्याने असतात? ज्या जेवणात आबांचं बोलणं ऐकू येणार नाही ते कशाला? कोपऱ्यातलं टेबल मागून घ्या.

४. माळकरी माणूस असेल तर शाकाहारी स्वयंपाक वेगळा होतो का, कांदा-लसणाशिवाय काय मिळेल, हे आधी विचारा. शक्यतो पूर्ण शाकाहारी हॉटेलच बघा. शेजारच्या टेबलावर मटण आलं की माय काही बोलणार नाही, पण जेवणारही नाही. तारीख ठरवताना एकादशी, चतुर्थी, श्रावण बघून घ्या. शहरातली पोरं हे हमखास विसरतात.

५. छापील मेन्यू आहे का? आता बऱ्याच ठिकाणी मोबाईलवर कोड स्कॅन करायला लावतात. मंद दिव्यात, मोबाईलवर, इंग्रजी नावं. 'स्मोक्ड ऑबर्जीन' म्हणजे आपलं भाजलेलं वांगंच, पण मायला ते कसं कळावं?

६. मराठी किंवा निदान सोपं हिंदी बोलणारा वेटर देता येईल का? माझ्या मते हा सगळ्यात मोठा प्रश्न. वेटर फक्त मुलाशी इंग्रजीत बोलत राहिला की आबा टेबलावर असून नसल्यासारखे होतात. तो आबांकडे वळून "बाबा, तिखट चालेल का?" म्हणाला की सगळं बदलतं.

मुलगा किंवा मुलगी त्याच शहरात असेल तर आधी एकदा जाऊन तिथे नुसता चहा घ्या. दोन-तीनशे रुपये जातील, पण खुर्ची, जिने, आवाज आणि माणसांची वागणूक डोळ्यांनी दिसेल. इंटरनेटवरच्या पाच ताऱ्यांपेक्षा ते भरवशाचं.

बिलाची कट्टी

मार्केटात माल नेला की कट्टी, हमाली, तोलाई कशी लागते ते आपल्याला पाठ आहे. हॉटेलच्या बिलातही तसंच बघायला शिका.

साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के. पण ज्या हॉटेलात मुक्कामाच्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटला साधारण १८ टक्के लागतो. मग तुम्ही खोली घेतलेली असो वा नसो. आपल्या वरच्या हिशोबात १२,००० च्या जेवणावर ६०० ऐवजी २,१६० रुपये. हा सरकारी कर आहे, तो द्यावाच लागतो. म्हणून आधी विचारून घ्या.

सर्व्हिस चार्जचं वेगळं. तो कर नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितलं की हॉटेलने तो बिलात आपोआप लावायचा नाही, सक्ती करायची नाही. हॉटेलवाले कोर्टात गेले, पण दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला प्राधिकरणाचंच म्हणणं कायम ठेवलं. बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज दिसला तर शांतपणे काढायला सांगा. १२,००० वर तो १,२०० होतो, आणि त्यावर पुन्हा जीएसटी लावलेला असतो. ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र ज्या पोराने मायला प्रेमाने वाढलं, त्याच्या हातावर आपल्या खुशीने पैसे ठेवा. आपणही मजुराला सणाला देतो ना, तसं.

पाण्याची बाटली छापील किमतीपेक्षा महाग लावली म्हणून भांडू नका. हॉटेलात तसं लावता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलंय. बसल्या बसल्या "साधं पाणी द्या" म्हणा, म्हणजे प्रश्न मिटला. त्यात कमीपणा काही नाही.

हे सगळं बघायचं, पण टेबलापासून लांब, काउंटरवर जाऊन. आबांसमोर आकडा वाचायचा नाही. ते लगेच कापसात मोजतील आणि पुढचे सहा महिने गावभर सांगतील.

जळगाव, संभाजीनगर की आणखी पुढे?

पहूर ऐन रस्त्यावर. अजिंठ्याची लेणी बघायला निघालेल्या पर्यटकांच्या गाड्या आपल्या दारावरून जातात आणि संभाजीनगरच्या मोठ्या हॉटेलांत मुक्कामाला थांबतात. त्यामुळे तिथे चांगली निवड आहे. पण रात्रीचं जेवण करून अजिंठ्याचा घाट उतरत परत यायचं म्हणजे म्हाताऱ्या माणसांचे हाल. जायचंच तर दुपारी जा, नाहीतर मुक्काम करा.

माझा सल्ला विचाराल तर ५० वर्षांच्या जोडप्यासाठी जळगाव बरं. तासाभराचा रस्ता. आणि जेवण दुपारचं ठेवा. 'स्पेशल डिनर' रात्रीच हवं असा नियम कोणी केला? आपली मोठी माणसं सातला जेवतात, नऊला झोपतात. मोठ्या हॉटेलात तर आठच्या आधी गर्दीही होत नाही. दुपारी उजेड असतो, गर्दी कमी, वेटरला वेळ, आणि संध्याकाळी गुरांच्या वेळेला घरी.

पहिल्या पगारवालीने मात्र आईवडिलांना तिच्या शहरात न्यावं, पुणे असो नाहीतर मुंबई. तिथलं हॉटेल थोडं साधं असलं तरी चालेल. "माझी मुलगी या गावात वावरते, फोनवर टेबल ठरवते, स्वतःच्या पैशाने बिल देते," हे बघण्यासाठीच ते जेवण असतं. त्या बापाला चवीपेक्षा तेच जास्त दिवस लक्षात राहील.

शेवटचं सांगतो. ऑर्डर घ्यायला माणूस आला की कार्ड पहिल्यांदा मायच्या हातात द्या. तिला वाचता येत नसेल तर वाचून दाखवा. ती "तुम्हाला आवडेल ते मागवा" म्हणेलच, आयुष्यभर हेच म्हणत आलीये. त्या दिवशी ऐकायचं नाही. तिने वरण-भात मागितला तरी तोच पहिला लिहायला लावायचा.

तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना मान देऊन जेवू घालणारं जळगाव-धुळ्यातलं एखादं ठिकाण माहीत असेल तर जरूर सांगा. फोटो नको, खुर्च्या कशा आणि वेटर कसा ते लिहा.